भरल्या गाडीची ट्रायल

बर्फ आयुष्यात पाहिला नसता तरी माझं काही अडलं नसतं. पाहायच्या आधीच मी त्याला पुरता कंटाळलो होतो. जव्हारला बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या फळीवरचा, नाहीतर मासळीच्या टोपलीतला. पण आमच्या शेठच्या डोक्यात बारा महिने बर्फ पडत होता आणि तो उपसायचं काम माझ्याकडं होतं.

शेठ म्हणजे कुणी फार मोठा शेठ नव्हे. भाड्यानं द्यायच्या दोन गाड्या, एक जीप आणि एक छोटी कार, आणि घरामागं पत्र्याची शेड, एवढीच त्याची इस्टेट. आधी तो स्वतः काळी-पिवळी जीप चालवायचा, जव्हार ते मोखाडा. आत कोंबलेली माणसं, मागं लोंबणारी माणसं. मग गुडघे गेले, नजर मंदावली आणि त्यानं मला ठेवलं. मी जवळच्या पोशेरा गावचा. घरी थोडा भात, थोडी नागली. त्यावर पोट भरत नाही म्हणून ड्रायव्हर झालो. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो, माघारी 'तो'. आता तो नाही, मागच्या पावसाळ्यात गेला, तरी माझ्या तोंडी 'तो'च येतं. त्याला चाललं असतं. स्वतःला कुणी काहीही म्हणो, त्याला फरक पडायचा नाही. गाडीला कुणी डबडं म्हटलं की मात्र त्याचं जेवण तुटायचं.

गाडी मागायला माणूस आला की शेठचा पहिला प्रश्न, "कुठं?" माणूस म्हणायचा, "इथंच हो, धबधबा बघून संध्याकाळी परत." झालं. 'इथंच' हा शब्द ऐकला की शेठ धोतर सावरून उठायचा. "इथंच जाणारेच दरीत सापडतात," म्हणायचा. मग टायरच्या नक्षीत अंगठा घालून बघ, रेडिएटरचं झाकण उघडून वास घे, ब्रेक दाबून कान लाव. मागच्या बाजूला दोरखंड, कोयता, चाकामागं लावायचा लाकडी ठोकळा आणि चिखलात टाकायला अर्धं पोतं वाळू. पुढच्या कप्प्यात तंबाखूची पुडी. ती कशाला, तर घाटात पावसात वायपर बंद पडला तर काचेवर चोळायला; चोळली की काचेवर पाणी ठरत नाही. ठाण्याचा एक पाहुणा ती पुडी खाऊन परत आला आणि वर म्हणाला, तुमची सर्व्हिस एकदम घरगुती. शेठनं त्याला पुन्हा कधी गाडी दिली नाही.

घाटातल्या वळणावर वाघोबाचा दगड आहे. तिथं हॉर्न द्यायचा, पण एकदाच. "दोनदा दिलास तर त्याला वाटतं आपण घाईत आहोत," शेठ मला सांगायचा. मी म्हणायचो, "शेठ, आपण घाईतच असतो." तो म्हणायचा, "असू. त्याला कशाला कळवायचं?"

आणि रिव्हर्स. स्वतः चालवायला गाडी नेणाऱ्याची शेठ परीक्षा घ्यायचा. आमच्या गल्लीतून वरच्या पिंपळापर्यंत गाडी उलटी न्यायची. पुढं चालवून दाखवायला लागला की तो मान फिरवायचा. "पुढं कुणीही जातो. समोरून खडीचा ट्रक आला की मागं येता आलं पाहिजे." एकदा मुंबईचं एक जोडपं आलं होतं. नवरा अंगानं दांडगा, डोळ्यांवर काळा गॉगल. त्यानं पहिल्याच झटक्यात शेजारच्यांच्या तुळशीवृंदावनाला गाडी टेकवली. शेठनं त्याच्या हातातून किल्ली काढली आणि बायकोला म्हणाला, "बाई, तुम्ही बघा." बाईनं गाडी अशी सुतात नेली की पोरं टाळ्या वाजवायला लागली. शेठनं गाडी दिली, पण नवऱ्याकडून वचन घेतलं की तो मागच्या सीटवर बसेल. बसला बिचारा.

ऐकायला हे गमतीचं वाटतं. रोज करून बघा. आठवड्याचे सगळे दिवस तेच पोतं चढवायचं, तेच उतरवायचं, तोच ठोकळा कुठं ठेवला म्हणून शिव्या खायच्या. पाठ धरायची माझी. बायको म्हणायची, गाडी चालवता की गाडीची बाळंतपणं करता? पण खरा वैताग यायचा तो दिवाळी संपल्यावर. तेव्हा बर्फाची तयारी सुरू व्हायची.

आता ती तयारी कशासाठी, ते सांगायला हवं. शेठ आणि काकूंना एकच लेक. मी तिला ताई म्हणतो. नाशिकला नर्सिंग शिकली, तिकडं वर हिमाचलच्या डोंगरात एका दवाखान्यात नोकरी मिळाली आणि तिथल्याच एकाशी लग्न ठरवून ती सांगायला घरी आली. शेठ तेव्हा जीपच्या खाली पडून होता. बाहेर आला नाही. खालूनच म्हणाला, "त्या डोंगरात गेलीस तर इकडचा रस्ता विसर." ताई एसटीनं गेली. मीच तिची पेटी स्टँडवर नेली. वाटेत ती एवढंच म्हणाली, "बाबांनी तोंडसुद्धा दाखवलं नाही रे."

ती पण त्याचीच लेक. बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणाली आणि आली नाही. काकूंचं फोनवर बोलणं व्हायचं, रविवारचं. त्या वेळी शेठ शेडमध्ये एकच काच पुसत बसायचा, पुसून पुसून काच झिजेल असं वाटायचं. बोलणं संपत आलं की विचारायचा, "काय म्हणते?" काकू फोन पुढं करायच्या, "तुम्हीच विचारा की, अजून ठेवला नाही तिनं." शेठ दोन्ही हात वर करायचा. "हात काळे आहेत माझे. खराब होईल."

पण ताई गेली त्याच्या दुसऱ्याच थंडीत तो मला म्हणाला, "जीप काढ. बर्फासाठी तयार करायची." मला वाटलं, चला, पाघळला म्हातारा. काकूंनी तर त्याच दिवशी नागलीचे पापड लाटायला घेतले.

गाडी तयार झाली नाही. म्हणजे झाली, पण शेठच्या मते झाली नाही. टीव्हीवर त्यानं बर्फात अडकलेल्या गाड्यांची रांग बघितली आणि म्हणाला, बर्फावर सरकू नये म्हणून टायरला बांधतात त्या साखळ्या अजून नाहीत. पुढच्या वर्षी लोहाराकडून बैलांच्या साखळ्या जोडून टायरच्या मापाच्या करून घेतल्या, तर म्हणाला, घोंगड्या कमी आहेत. घोंगड्या आल्या, तर बॅटरी थंडीत दगा देईल. दर थंडीत परराज्याचं परमिट काढायचा, दर थंडीत गाडी भरायची, आणि होळीला सगळं उतरवून ठेवायचं. ये रे माझ्या मागल्या. मोखाड्याच्या स्टँडवरचे ड्रायव्हर मला बघितलं की ओरडायचे, "काय रं, तुझा शेठ कधी निघतोय हिमालयाला? का हिमालयच येतोय इकडं?"

काकूंनी एकदा नाही, दहादा सांगून बघितलं की ताई म्हणते, रस्ता चांगला आहे, गाड्या येतात-जातात. शेठ म्हणायचा, "तिला काय कळतंय रस्त्यातलं? ती सुया टोचते." मग काकू म्हणायच्या, "मला रेल्वेनं धाडा, हा येईल सोबत." तर "रेल्वे डोंगर चढत नाही." काकूंचेही गुडघे जायला आले होते. पायरीवर बसून चोळत बसायच्या आणि मला म्हणायच्या, "हे दोन गुडघे चालतात तोवर लेकीचं घर बघायचंय रे. एकदाच. मग खुशाल जाऊ देत." मला त्या बाईचं फार वाईट वाटायचं. पण नोकर माणूस, मी काय बोलणार?

त्यात एका वर्षी तुसाचं प्रकरण झालं. शेठच्या डोक्यात आलं की साखळ्या खऱ्या बर्फावर एकदम वापरायच्या कशा? आधी ट्रायल हवी. आणि जव्हारात बर्फ कुठला आणायचा? तर भाताच्या गिरणीमागं तुसाचा ढीग असतो, घराएवढा. शेठ म्हणाला, "बर्फ काय वेगळा असतो? मऊ असतो, पाय ठेवला की सरकतो. हे पिवळं आहे एवढंच." मी म्हटलं, "शेठ, बर्फ थंड असतो म्हणतात." "टायरला काय कळतंय थंड?" तो म्हणाला.

गिरणीवाल्यानं हात जोडले, तरी आम्ही साखळ्या बांधून जीप ढिगात घातली. पहिलं चाक गेलं, दुसरं गेलं, मग सगळी गाडी पोटापर्यंत बसली. शेठ बाहेरून ओरडतोय, "दे रेस! बर्फ आहे समज!" मी रेस दिली. तूस असं उडालं की भात सडायला आलेल्या बाया, त्यांची टोपली, गिरणीवाल्याचा शर्ट, सगळं पिवळं झालं. एक म्हातारी बाय मला विचारते, "शेठच्या अंगात आलंय का रं?" तेवढ्यात गाडीखालून धूर निघाला. तापलेल्या सायलेन्सरनं तूस धुमसायला लागलं होतं. मग काय पळापळ! बायांनी हंडेच्या हंडे ओतले, मी उडी मारून बाहेर, गिरणीवाला देवाचा धावा करतोय. विझलं एकदाचं. जीप ओढायला ट्रॅक्टर आणावा लागला आणि पुढं कितीतरी दिवस तिच्या नळीतून तूस निघत होतं.

मी डोक्याला हात लावून बसलो होतो, आणि बघतो तर शेठचा चेहरा खुललेला. खरंच सांगतो. "बघितलंस? एवढं सोपं नाही बर्फात जाणं. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू." शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरासारखा बोलला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्याला गाडी तयार करायचीच नव्हती. काकूंना ते आधीच कळलं असणार. त्या ओट्यावरून म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं," आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांनाही चहा विचारला नाही.

शेठची आणखी एक पद्धत होती, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. लांबच्या भाड्याला गाडी द्यायची तर तो आधी भरल्या गाडीची ट्रायल घ्यायचा. जितकी माणसं जाणार तितक्या तांदळाच्या गोण्या सीटवर बसवायच्या, माणसाच्या वजनाप्रमाणे भरून, वर पट्टे लावून. मग मोखाड्यापर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. "रिकाम्या गाडीची ट्रायल म्हणजे उपाशीपोटी ढेकर," असं त्याचं म्हणणं. हिमालयाच्या ट्रायलला काकूंच्या नावाची एक गोणी असायची. काकूंनी एकदा ती बघितली आणि भडकल्या, "मी एवढी आहे?" शेठ म्हणाला, "अगं, कमीच धरलंय."

दोन वर्षांमागची गोष्ट. थंडी पडलेली, सकाळची वेळ. गाडी भरलेली: साखळ्या, घोंगड्या, फावडं, स्टोव्ह, जास्तीचा टायर, सगळं जिथल्या तिथं. शेठ पुढं बसला. मी काकूंच्या गोणीला पट्टा लावत होतो, तेवढ्यात काकू आल्या. पायात मोजे, अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "ही गोणी उतरव रे. खरी काकू असताना खोटी कशाला?"

शेठ खूश झाला. "हे बरोबर बोललीस. खऱ्या वजनाची ट्रायल होईल."

मी गोणी उतरवली. काकू मागं बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. मी आरशात बघितलं तर पिशवीतून नागलीचे पापड डोकावत होते आणि त्यांच्या गोळ्यांची डबी. मोखाड्याला जाऊन यायचं तर पापड कशाला, असं मनात आलं माझ्या.

वाघोबाला एक हॉर्न दिला, मोखाडं आलं. स्टँडपुढं जागा रुंद आहे, तिथंच आम्ही नेहमी वळायचो. शेठ म्हणाला, "छान चढली. चल, वळव."

मागून काकू म्हणाल्या, "वळवू नकोस. त्र्यंबकवरून नाशिकला घे."

शेठनं मागं बघितलं. "अगं, ही ट्रायल आहे."

"झाली ट्रायल. सगळं सामान आहे गाडीत. मी आहे, तुम्ही आहात, परमिट आहे. आता काय राहिलंय?"

"वळव रे," शेठ मला म्हणाला.

"वळवलीस तर मी इथंच उतरते, आणि इथून पुढं चालत जाईन," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण हात दाराच्या कडीवर होता.

मी मध्ये. पगार देणारा शेजारी, जेवायला वाढणारी मागं. आणि स्टँडवरचे ड्रायव्हर बघतायत. मी काही फार मोठा विचार केला असं नाही. मला फक्त त्या गोण्यांचा, त्या साखळ्यांचा, त्या होळीला उतरवायच्या घोंगड्यांचा इतका कंटाळा आला होता की माझा पाय आपोआप ब्रेकवरून निघाला. गाडी सरळ गेली. बायकोला फोन केला तो नाशिकात, पेट्रोल पंपावरून. तिची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

शेठ नाशिकपर्यंत परमिटाचे कागद चाळत बसला. मग त्यानं दोष काढायला सुरुवात केली. धुळ्याच्या अलीकडं म्हणाला, उजव्या चाकाला आवाज येतोय. बघितलं, काही नाही. इंदूरच्या पुढं म्हणाला, क्लच जळल्याचा वास येतोय. काही नाही. दिल्लीच्या बाहेर तर म्हणाला, गाडी डावीकडं ओढतेय, इथूनच परत फिरलेलं बरं. काकू म्हणाल्या, "आवाज गाडीत नाही, तुमच्या छातीत होतोय. गप बसा आणि पापड खा." शेठनं पापड खाल्ला, कच्चाच.

शेवटचा घाट सुरू झाला तेव्हा मी पण घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? आपला घाट म्हणजे ह्याच्यापुढं उंबरठा. शेठ काच खाली करून डोकं बाहेर काढून बसलेला, एवढ्या गारठ्यात. एका वळणावर मला म्हणाला, "बर्फ कुठंय?"

मी लांबची शिखरं दाखवली. पांढरी होती, उन्हात चमकत होती. दिसायला छान होती, नाही म्हणत नाही.

"ती तर वर आहेत," शेठ म्हणाला. "रस्त्यावर?"

"रस्त्यावर धूळ आहे, शेठ."

त्यानं पुढं वाकून बघितलं. खरंच धूळ होती. समोर एक एसटीसारखीच बस शाळेची पोरं घेऊन आरामात चालली होती, एक म्हातारी कडेनं गवताचा भारा घेऊन चालली होती. शेठनं काच वर केली. त्यानंतर त्यानं गाडीत एकही दोष काढला नाही.

ताईचं घर रस्त्याच्या वर, दगडी पायऱ्या चढून. मी काकूंना हात धरून वर नेलं. दारात ताई. त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मी मान वळवून खाली आलो. शेठ गाडीतच. पट्टासुद्धा सोडलेला नाही.

"चला, शेठ."

"मी गाडीजवळ थांबतो. उताराची जागा आहे."

"गाडी मी बघतो."

"तुला इथला उतार कळत नाही."

माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत त्याला कधी उलटून बोललो नव्हतो. म्हटलं, "शेठ, मलाही पोरगी आहे. हजार कोस आणलंय तुम्हाला. आता पायऱ्या तरी तुम्ही चढा."

तो हलला नाही. समोरच्या काचेतून नुसता रस्ता बघत राहिला. तेवढ्यात ताई पायऱ्या उतरून आली. अंगावर शाल, पायात घरातल्या चपला. खिडकीपाशी येऊन उभी राहिली. मग शेठनंच विचारलं, तिच्याकडं न बघता, "हा रस्ता... बंद कधी असतो?"

"असतो ना. जोरात पडला तर दोन-चार दिवस. मग मशीन येतं, उघडतात."

"एवढंच?"

"एवढंच, बाबा."

शेठनं दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवले, त्यावर कपाळ टेकलं आणि रडायला लागला. म्हातारं माणूस असं रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. हुंदक्यांतून तो म्हणत होता, "भ्यायलो होतो गं. एवढं लांब यायचं आणि तू दार लावून घेतलंस तर, ह्याला भ्यायलो. बर्फाला नाही."

ताईनं गाडीचं दार उघडलं, वाकून त्याचा पट्टा सोडवला. "उतरा."

"आणि उद्या पडला म्हणजे? अडकलो म्हणजे?"

"पडला तर पडू दे. राहाल मग इथंच."

शेठनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. उतरला. गुडघा धरून उभा राहिला, इकडं-तिकडं बघितलं, आणि एकदम त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "गाडीला छप्पर आहे का? उघड्यावर डिझेल गोठतं म्हणे."

ताईनं घराच्या बाजूला बोट केलं. तिथं दगडी भिंतीला लागून पत्र्याची शेड होती, एका जीपच्या मापाची. आत काहीच नव्हतं, जमीन झाडून ठेवलेली. मला वाटलं, जावई गाडी घेऊन कामाला गेला असेल. तसं विचारलंही मी.

"आमच्याकडं गाडी नाही," ताई म्हणाली. "लग्न झालं त्याच वर्षी बांधून घेतली. बाबा येतील तेव्हा लागेल म्हणून."